आत काय, बाहेर काय

मी खोटं कधीच लिहीत नव्हते, हे आधीच सांगते. मी आगाऊ लिहीत होते. त्यात फरक आहे, निदान तेव्हा मला तो दिसायचा. सकाळी बसची वाट बघत उभी असताना मी आजींच्या आख्ख्या दिवसाच्या फॉर्मवर बरोबरच्या खुणा करून टाकायची. नाश्ता घेतला, बरोबर. आंघोळ, बरोबर. औषधं वेळेवर, बरोबर. मनःस्थिती प्रसन्न, बरोबर. म्हातारी तिकडे अंथरुणात घोरत पडलेली आणि इकडे बसस्टॉपवर तिची मनःस्थिती प्रसन्न!

पण ही गोष्ट माझी नाही. माझ्यासारख्या बायका आमच्या ऑफिसकडे पोत्याने आहेत. म्हाताऱ्या माणसांच्या घरी सेवेला बायका पाठवायच्या हा ऑफिसचा धंदा, आणि फोन आला की आम्ही निघतो. गोष्ट आहे पंचनामाबाईची. तसली एकच होती, आणि एक पुरे.

पंचनामा हे नाव आजींनी ठेवलेलं. बाई उंच, हाडापेराची, आवाज असा की कुजबुजली तरी जिन्यात ऐकू जावं. आमच्या कामात येण्याआधी एकोणीस वर्षं ती एका कारखान्याच्या गेटवर होती. ट्रक आत गेला, लिही. ट्रक बाहेर आला, लिही. आत काय गेलं, बाहेर काय आलं, किती वाजता, ताडपत्री होती की नव्हती. कारखाना बंद पडला, तेव्हा शेवटचा ट्रक बाहेर गेल्याची नोंदही हिनेच केली आणि मग स्वतः बाहेर पडली. तीसुद्धा लिहून, असं म्हणतात. मग सेवेचं शिक्षण घेतलं आणि ट्रकच्या जागी माणसं आली. पद्धत तीच राहिली. आजींच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक जाडजूड वही टांगलेली, वहीला दोरीने पेन बांधलेलं.

"पेन कशाला बांधता?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"ड्रायव्हर पळवतात," ती म्हणाली.

"अहो, इथे कुठला आलाय ड्रायव्हर?"

"आला तर?"

वहीत प्रत्येक पानावर उभी रेघ. डावीकडे 'आत', उजवीकडे 'बाहेर'. मी एकदा सहज वाचायला घेतली आणि चहा गार होईपर्यंत हसत बसले. '८.१०. आत: चहा एक कप, साखर एक चमचा. आजींनी आणखी अर्धा चोरून घातला, मी बघितला. ८.४०. बाहेर: शौचास साफ. आजी म्हणाल्या, हेही लिही आणि टाळ्या वाजव. टाळ्या वाजवल्या नाहीत. २.३०. आत: काही नाही. बाहेर: शिव्या तीन. एक मला नवीन होती.'

तिचा नवरा बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेला. वहीला कंटाळून गेला, असं ऑफिसातल्या बायका म्हणायच्या. मला भोचकपणा फार, मी विचारलंच. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी गेला. एक बॅग. परत आल्याची नोंद नाही." मला हसावं की रडावं कळेना. मी गुपचूप कांदे सोलायला घेतले.

आजी म्हणजे वेगळंच प्रकरण. वय एक्क्याऐंशी, खुब्यात स्क्रू, हातात वॉकर आणि तोंडाला कुलूप नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं तारा जोडलेल्या. आख्ख्या गावाची लफडी, भांडणं, रडारड यांच्या कानावरून गेलेली. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसायच्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या सभ्य गृहस्थाकडे बोट दाखवून म्हणायच्या, "याच्या बापाचं काय ऐकलंय मी, विचारू नकोस." मी विचारायची. त्या कधी सांगायच्या नाहीत. पोटात ठेवण्यात म्हातारीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्यांची एकुलती एक लेक दोन बसस्टॉप पुढे राहायची. दिवसा नोकरी, रात्री आईकडे झोपायला. दिवसपाळी आमची: पाच दिवस पंचनामाबाई, आणि तिच्या सुटीचे गुरुवार-रविवार मी. म्हणून आजी मला 'सुटीवाली' म्हणायच्या. आजींचं माझ्याशी पटायचं, कारण मी काही लिहीत नसे. साखर दोन चमचे घाला, तीन घाला, माझ्या बापाचं काय जातं! ऑफिसच्या फॉर्मवर चहाचा चौकोन होता, साखरेचा नव्हता.

आमचे साहेब तर माझ्या फॉर्मवर खूश. एकही खाडाखोड नाही, एकही चौकोन रिकामा नाही. पंचनामाबाईला मात्र ऐकावं लागे. "बाई, खुणा करा आणि मोकळ्या व्हा. कादंबरी कोण वाचणार?" ती फॉर्मही भरायची आणि वहीही लिहायची. मान हलवायची आणि पुन्हा लिहायची. पालथ्या घड्यावर पाणी.

मी त्या घरी जायला लागले आणि आठवड्यातच आजींचं बिनसायला लागलं. एकदम नव्हे, अधूनमधून. पांघरुणावर बोटं फिरवत हवेतल्या तारा जोडायच्या. "हॅलो, कुठला नंबर? थांबा, लाइन बिझी आहे." वारलेल्या नवऱ्याला हाक मारून चहा मागायच्या. एकदा उठताना तोल गेला आणि कपाटाच्या कडेवर कपाळ आपटलं. आणि एका रात्री लेक पाणी द्यायला उठली, तर तिच्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?"

लेकीने ते मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज चिरकला. मी म्हटलं, ताई, वय झालं, चालायचंच. डॉक्टरही तेच म्हणाले. त्यांनी विचारलं होतं, नवीन औषध काही सुरू केलंय का? लेकीने फॉर्म बघितले. फॉर्मवर काही नव्हतं. ती नाही म्हणाली.

पंचनामाबाई सगळं टिपत होती. किती वाजता सुरू झालं, किती वेळ टिकलं, आजी काय बोलल्या, शब्दाला शब्द. आणि तिथेच घोटाळा झाला. लेकीने ती वही वाचली. पानामागून पान, आईची भ्रमिष्ट बडबड, तारीखवार! लेक बिचारी आधीच जागरणांनी पिचलेली, डोळ्यांखाली काळं झालेलं. तिने वही मिटली आणि एका संस्थेला फोन केला. शहराबाहेर, म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी जागा. तिथे खोली रिकामी होती. शनिवारी सकाळी संस्थेची बाई घरी येणार, आजींना बघणार, कागदावर सही होणार आणि सोमवारी आजी आपलं घर, खिडकी सगळं सोडून जाणार. ठरलं.

आजी त्या दिवशी अगदी शुद्धीवर होत्या. त्यांनी पंचनामाबाईला समोर उभं केलं. "चौतीस वर्षं लोकांचं ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "कुणाचं एक अक्षर कागदावर आणलं नाही. आणि तू? तुझ्या वहीनं मला माझ्या घरातून काढलं." त्यानंतर त्या तिच्याशी बोलायच्याच बंद झाल्या. वहीत आख्ख्या पानावर एकच ओळ: 'आजी बोलल्या नाहीत.'

हे कानावर आलं म्हणून बुधवारी संध्याकाळी मी तिकडे गेले, तर पंचनामाबाई जिन्यातच भेटली. तिचा चेहरा बघून मलाच कसंसं झालं. "बाई," मी म्हटलं, "दोन ठिकाणी 'ठीक' लिहिलं असतंत तर आभाळ कोसळलं असतं का? म्हातारीचं घर तरी राहिलं असतं."

"ठीक नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं हो! पण लिहायला काय जातं?"

"ताडपत्रीखाली माल दिसला नाही तर 'दिसला नाही' लिहायचं. 'असेल' नाही लिहायचं, 'नसेल' नाही लिहायचं. उद्या शोधायची वेळ आली तर कुठे शोधायचं, सांग." एवढं बोलून ती जिना उतरून गेली. मी मनात म्हटलं, मर तुझ्या ताडपत्रीखाली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, माझी पाळी. आठ वाजता दार उघडते तो काय, स्वयंपाकघरात पंचनामाबाई! सुटीच्या दिवशी! टेबलावर भिंतीवरचं कॅलेंडर काढून पसरलेलं, शेजारी वही. कॅलेंडरवर तांबड्या पेन्सिलीने गोल केलेले.

"दोन महिने," ती म्हणाली. "आजींचे वाईट दिवस पंधरा. सगळे शुक्रवार आणि सोमवार. आधी वाटलं, माझ्याच पाळीत होतंय म्हणजे माझंच काही चुकतंय. मी काय खायला घालते ते पुन्हा तपासलं. मग लेकीला विचारलं. ती म्हणाली, गुरुवारी आणि रविवारी रात्रीच सुरू होतं. एकच शुक्रवार कोरा आहे, हा बघ."

मी बघितला. तो कोरा शुक्रवार माझ्या चांगला लक्षात होता. आदल्या दिवशी मी पोट दुखतंय असं सांगून दांडी मारली होती आणि ऑफिसने दुसरीच बाई पाठवली होती.

"गेटबाहेर जे पडतं ते कधीतरी आत गेलेलं असतं," पंचनामाबाई म्हणाली. "गुरुवारी काय आत जातं?"

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे मी चोर? मी विष घालते म्हातारीला? माझे फॉर्म बघा, साहेबांना विचारा!"

"चोर म्हटलं नाही. विचारलं." तिने कॅलेंडर गुंडाळलं, वही खिळ्याला टांगली. "लिहावंसं वाटलं तर जागा ठेवलेली आहे." आणि गेली.

ती गेल्यावर मी वही काढली. खरंच, प्रत्येक गुरुवार आणि प्रत्येक रविवारपुढे अर्धं पान कोरं. रेघ आखलेली, 'आत', 'बाहेर' लिहिलेलं, खाली रिकामं. अगदी माझ्या पहिल्या दिवसापासून. दोन महिने ती बाई माझ्यासाठी जागा सोडत होती आणि मी तिच्या वहीकडे बघून नाक मुरडत होते.

काय आत जातं ते मला ठाऊक होतं. सर्दीची पिवळी गोळी. खालच्या केमिस्टकडे मागितली की मिळते, चिठ्ठी लागत नाही. पहिल्याच आठवड्यात आजी म्हणाल्या होत्या, "नाक वाहतंय गं, ती पिवळी आण. पण पंचनाम्याला सांगू नकोस, ती लिहील." मी आणली. जेवणानंतर एक, संध्याकाळच्या चहाबरोबर एक. आजी मस्त झोपायच्या, मला टीव्हीवरची मालिका निवांत बघता यायची. सर्दी गेली, गोळी राहिली. पाकीट आजींच्या चष्म्याच्या डबीत. पंचनामाबाईच्या पाळीत डबी बंद, माझ्या पाळीत उघडी. फॉर्मवर या गोळीचा चौकोनच नव्हता, मग खूण कुठे करणार? आणि सर्दीच्या गोळीने कुणाला वेड लागतं का हो! मला खरंच कधी वाटलं नाही.

त्या दुपारी जेवण झाल्यावर आजींनी डबी पुढे केली. मी म्हटलं, संपल्या.

"मग खाली केमिस्ट मेलाय का?"

"आज नको, आजी."

त्यांनी मला जी शिवी दिली ती पंचनामाबाईच्या वहीतही नसेल. संध्याकाळपर्यंत फुरंगटून बसल्या, झोपल्या नाहीत. माझी मालिका बुडाली. शुक्रवारचं पान मी नंतर वाचलं: 'दिवसभर शुद्धीवर. तारा जोडल्या नाहीत. माझ्याशी बोलल्या नाहीत.'

लेकीने बोलावलं म्हणून शनिवारी सकाळी सगळे जमलो. संस्थेची बाई फाइल घेऊन, साहेब टाय लावून, लेक, पंचनामाबाई आणि मी. आजी चांगला स्वेटर घालून, केस विंचरून खिडकीपाशी बसलेल्या. दोन्ही हात वॉकरवर. संस्थेच्या बाईने गोड आवाजात विचारलं, "आजी, आज वार कोणता?" आजींनी सांगितला. "आणि महिना?" तोही सांगितला. एक शिवी नाही, एक टोमणा नाही. एरवी असल्या लाडिक आवाजाला त्यांनी सोलून काढलं असतं. इतक्या शहाण्यासारख्या बसलेल्या आजी मी पहिल्यांदाच बघितल्या. त्या घाबरल्या होत्या.

पंचनामाबाईने कॅलेंडर पसरलं, गोल दाखवले. "काल ठीक होत्या," ती म्हणाली.

लेक थकून म्हणाली, "मावशी, एखादा दिवस बरा जातोच."

"आदल्या दिवशी काय घडतं ते शोधायला हवं."

"काय घडतं?"

"ते मी बघितलेलं नाही. बघितलं नाही ते मी सांगणार नाही."

माझ्याकडे तिने नजरही वळवली नाही. वळवली असती तर मी गप्पच बसले असते, माझा स्वभावच उरफाटा. साहेबांनी माझे फॉर्म काढले आणि टेबलावर आपटले. "हे बघा! आमच्या आख्ख्या ऑफिसात असे फॉर्म कुणाचे नाहीत. सगळं व्यवस्थित. योगायोग आहे हो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय, काही वेगळं दिलंस का? सांगून टाक, म्हणजे विषय संपेल."

एक शब्द पुरे होता. नाही. लेकीने पेनचं टोपणही काढलं होतं. मी आजींकडे बघितलं. त्या खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत होत्या, जणू आत्ताच सगळं डोळ्यांत भरून घ्यायचं होतं.

"दिली," मी म्हटलं. "सर्दीची गोळी. पिवळी. दर गुरुवारी, दर रविवारी. दोन-दोन."

"गप बस, बिनडोक!" आजी कडाडल्या. "पोटात म्हणून काही राहत नाही मेलीच्या!"

साहेब फॉर्म उलटसुलट करून बघायला लागले. "पण इथे तर काहीच नाही."

"चौकोन नाही ना, साहेब."

लेकीने जागच्या जागी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर असे ओरडले की पलीकडचं सगळं खोलीत ऐकू आलं. या वयात ती गोळी? दोन-दोन? माणूस भ्रमात जाईल नाहीतर काय! आधी ती बंद करा, मी येऊन बघतो, तोवर कसला निर्णय घेऊ नका. लेकीने फोन ठेवला आणि पेनला टोपण लावलं. मग माझ्याकडे आली. मला वाटलं मारते आता. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"माझी आई मला ओळखत नव्हती," ती हळूच म्हणाली. "आणि तू फॉर्मवर 'प्रसन्न' लिहीत होतीस."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

साहेबांनी मला तिथल्या तिथे कामावरून काढलं. संस्थेची बाई फाइल आवरून निघाली. मीही चपला शोधत होते, तर पंचनामाबाईने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं, खुर्चीवर बसवलं आणि वही पुढ्यात ठेवली. "डॉक्टर येतायत. त्यांना तारखा लागतील. लिही."

पंधरा दिवस, पंधरा अर्धी पानं. ती तारीख वाचायची, मी आठवायची. त्या दिवशी किती वाजता? आजी किती झोपल्या? तोल गेला तो दिवस कुठला? आठवत नसेल तर म्हणायची, "आठवत नाही असं लिही." ओरडली नाही, उपदेश केला नाही. मध्येच माझा बांध फुटला, तेव्हा थांबली. मग पुढची तारीख वाचली.

चार आठवड्यांत म्हातारी ठणठणीत. हवेतल्या तारा गेल्या, नवरा पुन्हा फोटोत जाऊन बसला, आणि लेकीला ओळखून ती जाड झाल्याचं तोंडावर सांगायला लागली. संस्थेतली खोली दुसऱ्या कुणाला गेली. पंचनामाबाईशी आजी बोलायला लागल्या ते एक वाक्य: "तुझी वही चुलीत घाल." ते तिने अर्थात लिहिलं.

तीन महिन्यांनी मला फोन आला. लेकीचा. आवाज कोरडाच होता. "आईला तूच हवी आहेस. तुझ्या जागी आलेली बाई तिला 'स्वीटी' म्हणते. ये. पण एक पिवळी दिसली तरी पोलिसात देईन."

गेले. गुरुवारी, आठ वाजता, फॉर्म कोरा घेऊन. आजींनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "आली चहाडखोर. साखर दोन चमचे."

"दोन लिहीन मग."

"लिही, मेले."

चहा ठेवला आणि वही काढली. माझी पानं चाळली, माझं किडकं अक्षर. मग त्या शनिवारचं पान आलं, पंचनामाबाईच्या ठसठशीत अक्षरात. आजींनी काय खाल्लं, डॉक्टर किती वाजता आले, काय म्हणाले. त्याखाली: 'माझी चूक: शुक्रवार-सोमवार पहिल्या महिन्यातच दिसायला हवे होते. वय झालं असं मीही धरून चालले.' आणि त्याखाली, आजींच्याच नोंदींत, आणखी एक ओळ होती. मी ती उभ्या उभ्या तीनदा वाचली, चहा उतू गेला.

'११.४०. सुटीवाली. बाहेर: रडू, दहा मिनिटं. आत: पाणी, अर्धा ग्लास. नंतर बरी.'

दहा नव्हती हो, पाचसुद्धा नसतील. पण आमच्या वहीत खाडाखोड चालत नाही, म्हणून राहू दिलं. रेघ आखली आणि लिहिलं: ८.१५. आत: चहा एक कप, साखर दोन चमचे.